श्वासावरून आजार ओळखणारा सेन्सर प्रयोगशाळेत चालतो, मग दवाखान्यात का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे, पीएच.डी.साठी विषय शोधताय, आणि गाइड म्हणताहेत की टंगस्टन ऑक्साइडच्या नॅनो-फिल्मवर ॲसिटोन ओळखणारा सेन्सर करा. वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक पेपरात 'इतके पीपीबी (अब्जात किती भाग) ॲसिटोन ओळखलं, म्हणून मधुमेहाचं निदान शक्य' असं वाक्य आहे. मग हे यंत्र एकाही डॉक्टरच्या टेबलावर का नाही? शिवाय जाता जाता विचारलंय, की वडिलांना मधुमेह आहे, बोट न टोचता साखर सांगणारी घड्याळं ऑनलाइन मिळतात, श्वासाचीही यंत्रं दिसतात, त्यातलं काही घ्यावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते एका शब्दाचं आहे : नको. घड्याळं आणि अंगठ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड इशारा दिला होता, की त्वचा न टोचता स्वतःहून साखर मोजणारं असं एकही उपकरण आम्ही मंजूर केलेलं नाही. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर काय होईल ते सांगायला नको. श्वासाच्या यंत्राला नको म्हणण्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

मी या कामात वीसेक वर्षं आहे. पहिली निम्मी वर्षं फिल्म बनवण्यात गेली, नंतरची लोकांच्या फुंकरी पिशव्यांत भरण्यात. पहिल्या निम्म्यात मलाही तुमच्यासारखंच वाटायचं, की अजून थोडी संवेदनशीलता मिळाली की झालं. अडतं ते तिथे नाही.

सेन्सरचं तत्त्व जुनं आणि भक्कम आहे. १९६२ साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या गॅस सेन्सरचं पेटंट मागितलं. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारी यंत्रं त्यातूनच आली. त्याच वर्षी सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या फिल्मवर असाच परिणाम दाखवला. तापवलेल्या ऑक्साइडच्या कणावर हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि कणातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. कणाच्या सालीत इलेक्ट्रॉनचा दुष्काळ पडतो, विजेला होणारा रोध वाढतो. ॲसिटोन, अल्कोहोल, हायड्रोजन असा कुणी 'जळण्याजोगा' पाहुणा आला की तो त्या ऑक्सिजनशी जुळतो, अडकलेले इलेक्ट्रॉन परत कणात येतात, रोध पडतो. आपण मोजतो तो हा पडलेला रोध. टिन ऑक्साइडमध्ये ही दुष्काळी साल साधारण ३ नॅनोमीटर जाडीची असते. म्हणून कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आणला की दोन्ही बाजूंच्या साली एकमेकींना भिडतात, अख्खा कणच पाहुण्याच्या हुकमतीखाली येतो आणि प्रतिसाद झपाट्याने वाढतो. यामाझोए यांच्या गटाने हे १९९१ मध्ये दाखवलं. तेव्हा 'नॅनो' हा शब्द इथे तरी जाहिरातीपुरता नाही.

तुमची फिल्म १०० पीपीबी ॲसिटोन ओळखेल, यावर माझा विश्वास आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, ऑक्साइड फिल्म बनवण्याची इतकी जुनी परंपरा आहे, की हात बसलेला विद्यार्थी आठवड्याभरात चांगली फिल्म काढतो. प्रश्न एवढाच, की ती १०० पीपीबी कशात ओळखेल.

आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांतला सेट-अप डोळ्यांसमोर आणा. काचेचा किंवा स्टीलचा चेंबर, आत छोटी हॉट प्लेट, तिच्यावर फिल्म, सिल्व्हर पेस्टने लावलेल्या दोन तारा, बाहेर मीटर. सिरिंजने मोजून वाफ आत सोडायची, रोध पडताना बघायचा, मग झाकण उघडून हवा खेळवायची. मोजमाप घेतलेलं असतं १०, ५०, १०० पीपीएमला (दशलक्षात किती भाग, म्हणजे पीपीबीच्या हजारपट). आलेखावर या ठिपक्यांतून रेघ ओढायची, ती खाली खाली नेत पीपीबीपर्यंत पोचवायची, प्रतिसाद मीटरच्या गोंगाटाच्या तिप्पट जिथे येईल तो आकडा ॲब्स्ट्रॅक्टमध्ये टाकायचा. मीही टाकला आहे. पण या सेन्सरचा प्रतिसाद सरळ रेषेत जात नाही. तो प्रमाणाच्या कुठल्यातरी घातावर चालतो, त्यामुळे सरळ रेघ खाली ताणून मिळालेला आकडा मोजलेला नसतो, ओढलेला असतो. पेपर वाचताना पहिली गोष्ट ही बघा, की सगळ्यात खालचा प्रत्यक्ष ठिपका कुठे आहे.

दुसरी गोष्ट, चेंबरमधली हवा कोरडी होती का. श्वास कोरडा नसतो. थंडीत आरशावर फुंकर मारली की दिसतंच. शरीराच्या तापमानाला बाहेर पडणाऱ्या हवेत सुमारे ६ टक्के पाण्याची वाफ असते. पीपीबीत मांडा, म्हणजे ६ कोटींच्या वर. निरोगी माणसाच्या श्वासात ॲसिटोन असतं साधारण ५०० पीपीबीच्या आगेमागे. म्हणजे ॲसिटोनच्या एका रेणूमागे पाण्याचे सव्वा लाख रेणू रांगेत उभे. हे पाणी ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल होऊन त्याच जागा अडवून बसतं, ज्या जागांवर तुमचा सगळा हिशेब बेतलेला आहे. बेसलाइन, म्हणजे गॅस नसतानाचा रोध, सरकते, प्रतिसाद आक्रसतो. कोरड्या हवेत देखणा दिसणारा सेन्सर ९० टक्के आर्द्रतेत ओळखूही येत नाही.

आणि पाहुणे काही एकटे ॲसिटोनच नाहीत. रात्री मटकीची उसळ किंवा राजमा झाला असेल, तर मोठ्या आतड्यातले जंतू त्यातल्या न पचलेल्या साखरांवर हायड्रोजन तयार करतात. तो रक्तात जातो, तिथून फुप्फुसात, तिथून तुमच्या पिशवीत. दहा-वीस पीपीएम सहज, कधी त्याहून जास्त. दहा पीपीएम म्हणजे दहा हजार पीपीबी. पॅलेडियम घातलेला टिन ऑक्साइड हायड्रोजनवर तर जीव टाकतो. मग यंत्र जे 'मधुमेह' म्हणून ओरडतं ती कालची उसळ असते.

स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिक या तंत्र-विद्यापीठात प्रात्सिनिस यांच्या गटाने यावर बरंच डोकं चालवलं. टंगस्टन ऑक्साइडची एप्सिलॉन नावाची एक स्फटिकरचना ॲसिटोनकडे जास्त ओढ दाखवते. एरवी ती साध्या तापमानाला टिकत नाही, सिलिकॉन घालून त्यांनी ती टिकवली. पुढे सेन्सरच्या अलीकडे प्लॅटिनम-ॲल्युमिनाची छोटी फिल्टर लावली, जी अल्कोहोल, हायड्रोजन वगैरे वाटेतच जाळून टाकते आणि ॲसिटोनला जाऊ देते. मला विचाराल तर नव्या फिल्मपेक्षा हा विचार जास्त मोलाचा आहे. सेन्सरनेच सगळं ओळखावं असा हट्ट धरू नये, दारावर राखणदार ठेवावा. याच संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हातात मावणारं एक यंत्र दाखवलं. पॅलेडियमवाल्या साध्या टिन ऑक्साइडच्या अलीकडे एक छोटी नळी, तिच्यात सच्छिद्र पॉलिमरचे कण भरलेले. मिथेनॉल त्यातून आधी सुटतं, इथेनॉल रेंगाळतं. सेन्सर साधाच, पण विषारी दारू आणि साधी दारू वेगळी ओळखता येते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. तिथे कामाला आलं असतं ते असलं काही. मधुमेहाचा ध्यास घेण्याआधी या बाजूलाही बघा, एवढंच सुचवते.

आता मधुमेहाकडे. श्वासातलं ॲसिटोन साखर सांगत नाही. ते सांगतं की शरीर चरबी जाळतंय. यकृतात चरबीपासून कीटोन तयार होतात, त्यातल्या ॲसिटोॲसिटेटचं आपोआप तुटून ॲसिटोन होतं. इन्सुलिन अजिबातच नसेल तर पेशींना साखर वापरता येत नाही, चरबी बेसुमार जळते, आणि रुग्णाच्या तोंडाला तो गोडसर, सडलेल्या फळासारखा वास येतो. तो वास जुन्या डॉक्टरांना पाठ असायचा. पण तुमच्या वडिलांसारख्या टाइप २ रुग्णाची साखर अडीचशे असूनही, अंगात थोडंफार इन्सुलिन असेल तर ॲसिटोन शेजारच्या निरोगी माणसाइतकंच असू शकतं. उलट निर्जळी एकादशी केलेल्या किंवा कीटो डाएटवर असलेल्या धडधाकट माणसाचं ॲसिटोन कितीतरी वर जातं. पेपरांत '९०० पीपीबीच्या खाली निरोगी, १८०० च्या वर मधुमेही' अशी सीमारेषा एकमेकांकडून उतरवलेली दिसेल. ती रेषा घेऊन दवाखान्यात बसलात तर संध्याकाळपर्यंत तोंडघशी पडाल.

म्हणून ॲसिटोनचा सेन्सर निरुपयोगी ठरतो का? नाही, त्याला विचारायचा प्रश्न बदला. टाइप १ असलेल्या मुलाला ताप आलाय, कीटोन चढताहेत का हे रात्री दोनला घरी कळायला हवं. किंवा वजन उतरवणाऱ्याला चरबी खरंच जळतेय का हे बघायचंय. इथे ॲसिटोन नेमकं तेच सांगतं जे विचारलंय. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर 'मधुमेहाचं निदान' याऐवजी 'कीटोनवर लक्ष' लिहिलंत, तर परीक्षकांपैकी एखादा डॉक्टर असला तरी तो मान हलवेल.

आता माझी फजिती. आम्ही आठ सेन्सरांचा एक संच केला होता, धूम्रपानाने फुप्फुसं खराब झालेल्या रुग्णांसाठी. एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डातून तीसेक रुग्णांच्या श्वासाच्या पिशव्या आणल्या. तुलनेसाठी निरोगी लोक हवेत, तर आमच्याच विभागातले विद्यार्थी, शिपाई, शिक्षक रांगेत उभे केले. आलेले आकडे संगणकाला शिकवले, आणि नव्वद टक्क्यांच्या वर अचूकता! पेढे आले. पेपराचा मसुदा झाला. मग आमच्या लॅब असिस्टंटने, ज्याला संगणकाचं फारसं कौतुक नव्हतं, एक साधा उद्योग केला. वॉर्डात जाऊन कुणाचाही श्वास न घेता, हातपंपाने तिथलीच हवा पिशव्यांत भरून आणली. काही पिशव्या आमच्या कॉरिडॉरमध्ये भरल्या. आणि न सांगता यंत्राला लावल्या. वॉर्डाची प्रत्येक पिशवी 'रुग्ण' निघाली, कॉरिडॉरची प्रत्येक पिशवी 'निरोगी'. यंत्राच्या मते वॉर्डालाच आजार जडला होता. ते शिकलं होतं हात धुण्याच्या स्पिरिटचा आणि फरशी पुसायच्या जंतुनाशकाचा वास. मसुदा कपाटात गेला. पेढे परत मागता येत नाहीत.

या एका गोष्टीसाठी मी हे एवढं लांबलचक उत्तर लिहितेय म्हणा हवं तर. या क्षेत्रातले बरेचसे देखणे आकडे मला तेव्हापासून असेच दिसतात : रुग्ण एका इमारतीतले, निरोगी दुसऱ्या, रुग्ण साठीचे, निरोगी पंचविशीचे, रुग्ण औषधांवर, उपाशी, विडी ओढलेले, निरोगी नाश्ता करून आलेले. सेन्सर फरक ओळखतो. तो आजाराचाच फरक आहे हे त्याला कोण सांगणार?

पिशवीसुद्धा निर्दोष नसते. आपण सर्रास वापरतो ती टेडलार नावाच्या प्लास्टिकची पिशवी स्वतःच फिनॉल आणि डायमिथाइल ॲसिटामाइड सोडते. नवी पिशवी नायट्रोजनने तीन-चारदा खंगाळल्याशिवाय घेऊ नका. श्वासाचंही तेच. सामान्य श्वासात साधारण अर्धा लिटर हवा बाहेर पडते, त्यातली पहिली सुमारे १५० मिली नुसती तोंडा-घशा-नळ्यांतली, रक्ताला भेटलेलीच नसते. रक्ताची खबर शेवटच्या हवेत असते. मूत्रपिंडाच्या आजारासाठी अमोनिया मोजायला जाल, तर तोंडातले जंतू लाळेतल्या युरियापासून तो जागच्या जागी बनवत असतात. कुणाचं मूत्रपिंड तपासताय की कुणाचे दात, हे आधी ठरवावं लागतं.

याउलट श्वासाच्या ज्या चाचण्या खरंच दवाखान्यात रुजल्या, त्या बघा. दम्यात श्वसननलिकांच्या सुजेमुळे नायट्रिक ऑक्साइड वाढतो. श्वासात हा वायू असतो हेच मुळी १९९१ मध्ये स्वीडनमध्ये गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. २००३ मध्ये त्याच्या यंत्राला एफडीएची मान्यता मिळाली. मधल्या वर्षांत फुंकायचं कसं यावर जितकी डोकेफोड झाली, ती तुम्ही वाचायलाच हवी. हा वायू नलिकेच्या भिंतीतून झिरपतो, त्यामुळे हळू फुंकलं तर जास्त भरतो, जोरात फुंकलं तर कमी. म्हणून वेग ठरला : सेकंदाला ५० मिली, ना कमी ना जास्त. नाकाच्या पोकळ्यांत हाच वायू कितीतरी जास्त असतो, तो मिसळू नये म्हणून फुंकताना थोडा अडथळा ठेवायचा, म्हणजे टाळू आपोआप वर जाऊन नाकाची वाट बंद होते. पालक, बीट खाऊन आला असेल तर आकडा वर, सिगारेट ओढून आला असेल तर खाली. एवढं सगळं पक्कं झाल्यावर, २०११ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने मोठ्यांसाठी २५ पीपीबीच्या खाली कमी, ५० च्या वर जास्त, असं सांगितलं. आणि यंत्रात आत काय असतं? बहुतेकांत साधा विद्युत-रासायनिक सेन्सर.

दूध न पचणाऱ्यांची हायड्रोजन चाचणी तशीच : आदल्या रात्री साधा भात, सकाळी उपाशीपोटी लॅक्टोज, मग दोन-तीन तास ठरावीक वेळाने फुंकर, आणि सुरुवातीपेक्षा २० पीपीएमने वाढ. जठरातल्या हेलिकोबॅक्टरची चाचणी तर मला सगळ्यांत हुशार वाटते. कार्बन-१३ ची खूण असलेला युरिया पाजायचा. हा जंतू असेल तरच तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन डायऑक्साइड श्वासात येतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं ते याच जंतूसाठी. यातल्या एकाही चाचणीत 'श्वासाचा ठसा', म्हणजे अनेक वायूंच्या एकत्र नमुन्यावरून आजार ओळखणं, वगैरे नाही. एक वायू, तो कुठून येतो हे माहीत, आणि जमेल तिथे शरीराला आपणच चिमटा काढून विचारलेला प्रश्न.

ठशाचं काम वाया आहे असं मी म्हणणार नाही. लिनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये श्वासात अडीचशेच्या आसपास पदार्थ असल्याचं दाखवलं, तेव्हापासून ती आशा आहे. इस्राएलच्या टेक्नियन या तंत्र-विद्यापीठात होसाम हाइक यांनी सोन्याच्या नॅनोकणांवर सेंद्रिय रेणूंची साल चढवून सेन्सर केले. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने १४०४ माणसांत १७ आजार सुमारे ८६ टक्के अचूकतेने वेगळे काढले. काम मोठंच आहे. पण सरसकट लोकांतून आजारी शोधणारी गाळणी म्हणून वापरायचं तर हा हिशेब करून बघा. हजार माणसांत दहा जणांना आजार आहे, आणि तुमचं यंत्र रुग्ण आणि निरोगी दोघांनाही ९० टक्के बरोबर ओळखतं. दहांपैकी नऊ सापडले. उरलेल्या ९९० निरोगींपैकी ९९ जणांवरही लाल दिवा लागला. १०८ जण घाबरून पुढच्या तपासणीच्या रांगेत, त्यातले आजारी नऊ. कोविडसाठी एप्रिल २०२२ मध्ये एफडीएने आणीबाणीपुरती परवानगी दिलेल्या श्वासयंत्राने निरोगींना ९९.३ टक्के बरोबर ओळखलं होतं, तरीही बाधित निघालेल्याची पुन्हा रेण्वीय (आरटी-पीसीआरसारखी) चाचणी करा असंच सांगितलं गेलं. आणि ते यंत्र नॅनोसेन्सरवर चालत नव्हतं. सूटकेसएवढा गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करणारं यंत्र, होता तो.

तेव्हा पीएच.डी. करावी का? जरूर करा, पण गाइडना आधी दोन गोष्टी मागा. एक, गॅस वाहता ठेवणारा सेट-अप : मास फ्लो कंट्रोलर (गॅसचा प्रवाह मोजून सोडणारा), ॲसिटोनचा प्रमाणित सिलिंडर आणि हवा दमट करणारा पाण्याचा बबलर. पहिल्या दिवसापासून ९० टक्के आर्द्रतेतच मोजा, कोरडे आकडे फार तर परिशिष्टात. ॲसिटोन एकटं सोडू नका, सोबत १० पीपीएम हायड्रोजन आणि थोडं इथेनॉल सोडा आणि मग बघा काय उरतं. एकाच दिवशी बनवलेल्या दहा फिल्म एकसारख्या वागतात का, आणि त्यातली एक तीन महिने तापत ठेवली की बेसलाइन कुठे जाते, हा आलेख फार थोडे लोक छापतात. तो असलेला पेपर मी परीक्षक म्हणून शेवटपर्यंत वाचते. मोजमापाच्या खोलीत हेअर स्प्रे किंवा सिलिकॉनचं सीलंट येऊ देऊ नका. त्याची वाफ कणांवर काचेसारखी बसते आणि सेन्सर कायमचा बधिर होतो.

दुसरी मागणी, पहिल्याच वर्षी एक डॉक्टर जोडून द्या. चौथ्या वर्षी 'थोडे सँपल मिळतील का' म्हणून दारात उभे राहणारे आम्ही सगळेच होतो. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो. रुग्ण आणि निरोगी दोघंही त्याच खोलीत, त्याच दिवशी, आलटून पालटून फुंकतील असं बघा. तोंड धुऊन, खाऊन किती वेळ झाला ते लिहून. यंत्र चालवणाऱ्याला पिशवीवर फक्त नंबर दिसू द्या. आणि दर सत्रात खोलीच्या हवेच्या दोन पिशव्या भरा, त्यांनाही नंबर टाका. त्या 'रुग्ण' निघाल्या तर पेढ्यांचे पैसे वाचतील.

वडिलांची साखर तोवर ग्लुकोमीटरनेच बघा. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख तपासा आणि झाकण घट्ट लावा, कोकणात असाल तर जास्तच. त्या पट्टीलाही दमटपणा सोसत नाही.